चिऊचं दार आणि 25 मे

आमच्या लेकीचा, बायचा, जन्म 25 मेचा. पहिला वाढदिवस 2025 मध्ये नेमका रविवारी येतोय, हे मी जानेवारीतच कॅलेंडरात पाहून ठेवलं होतं. मे महिना म्हणजे चाकरमानी गावात, शाळांना सुट्टी, फणस भरात आणि पाऊस नेहमीसारखा आला तर अजून 10-12 दिवस लांब. मी मनातल्या मनात खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मांडवही घालून टाकला होता.

सासूबाईंनी पंचांग काढलं आणि सांगितलं, वाढदिवस 14 मेला आहे. वैशाख वद्य द्वितीया. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, म्हणून तिथी 11 दिवस आधीच येऊन उभी राहते. त्यावर दोन दिवस घरात तोंडं वाकडी झाली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे तर सोयीचंच आहे. 14 ला बुधवारी घरच्या घरी औक्षण, ग्रामदेवतेला नारळ, गोडाधोडाचं जेवण. आणि 25 ला काय घालायचा तो गोंधळ. तारीख की तिथी असा वाद ज्यांच्या घरी असेल त्यांनी खुशाल दोन्ही करावं. देवाचं आधी नीट झालेलं असलं की मोठी माणसं नंतरच्या गोंधळाकडे काणाडोळा करतात.

‘स्टोरीबुक थीम’ हा शब्द घरात आणला नणंदेने. ती डोंबिवलीला असते. फेब्रुवारीत एका रात्री तिने मला 43 फोटो पाठवले. उघड्या पुस्तकातून बाहेर येणारी परी, गुलाबी किल्ला, शिंगवाला घोडा, फुग्यांची कमान आणि मधोमध मुकुट घातलेलं एक रडवेलं बाळ. मला आवडले हो सगळे. खोटं कशाला बोलू. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवून फोन लांब धरला आणि विचारलं, “ह्या थीम थीम म्हणतंस ता काय ता?” मी समजावलं, की गोष्टीच्या पुस्तकात शिरल्यासारखं वाटलं पाहिजे. “येका वर्साच्या चेडवाक गोष्टीतला काय कळतला गो?” हा सासूबाईंचा प्रश्न. त्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. नणंदेच्या 22 मेच्या गाडीसाठी 23 मार्चला सकाळी 8 वाजता दोन घरांत चार फोन तयार होते. तिकिटं निघाली आणि त्या क्षणी तारीख पक्की झाली. आमच्याकडे कार्याची तारीख भटजी सांगतात ती वेगळी, आणि गाडीत जागा मिळते ती वेगळी.

एप्रिलच्या सुरुवातीला एका डेकोरेटरला घरी बोलावलं. त्याने खळं पावलांनी मोजलं आणि 18,000 रुपये सांगितले. थर्माकोलचा किल्ला, फुग्यांची कमान, परीचा कटआउट. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे असं मी म्हटल्यावर तो अजिबात न बिचकता म्हणाला, “मग फोम लावूया.” परी कुठल्या गोष्टीतली, हे विचारलं तर म्हणाला, “खयची पण चलता.” तिथे माझं मन उडालं. पैशाचंही होतंच, पण कुठलीही चालते म्हणजे गोष्ट कुठलीच नाही. मग ती माझ्या खळ्यात कशाला उभी करायची?

त्यानंतर मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. आठवडाभर बायकडे नीट बघितलं. पुस्तकाचं ती काय करते? कोपरा चावते. पातळ पान असलं की फाडते आणि फाडल्याचा आवाज ऐकून खूश होते. जाड पुठ्ठ्याचं पान उलटता येतं, पण पुढे जाण्यात तिला रस नसतो. तेच पान उघडायचं, मिटायचं, उघडायचं. चित्रात गाय दिसली तर हंबरायचं काम माझं. आणि दिवसभरातला सगळ्यात मोठा खेळ म्हणजे कुक. आजोच्या खांद्यावरचा पंचा तोंडावर ओढून घ्यायचा, आम्ही “बाय खय गेली?” म्हणायचं, की पंचा खाली आणि दोन दात बाहेर.

एका संध्याकाळी सासरे तिला पडवीत मांडीवर घेऊन काऊ-चिऊची गोष्ट सांगत होते. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. “चिऊताई चिऊताई, दार उघड,” असं म्हणत ते तिच्या पाठीवर टकटक करत होते आणि “थांब, माझ्या बाळाला तीट लावते,” म्हणत तिच्या कपाळाला बोट लावत होते. चौथ्यांदा “दार उघड” म्हटल्यावर बायने पंचा खाली ओढला.

म्हणजे तिला गोष्ट कळत होती. पाऊस, घर, काऊचा लबाडपणा यातलं काही नसेल कळत. पण कोणीतरी बाहेर आहे, दार बंद आहे आणि ते आपल्याला उघडता येतं, एवढं कळत होतं. मी त्याच रात्री नणंदेला कळवलं की किल्ला रद्द, चिऊचं घर करतोय. तिने रडक्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, “निदान फुगे?”

फुगे पण नाही. रांगणाऱ्या बाळाच्या हाताला फुटलेल्या फुग्याचा तुकडा लागला की तो पहिला तोंडात जातो, आणि घशात चिकटलेलं रबर काढणं फार कठीण. बायच्या डॉक्टरांनी लसीच्या वेळी जी यादी तोंडपाठ करून घेतली होती तिच्यात शेंगदाणे, बटणं, नाणी आणि फुगे एका ओळीत होते. त्या जागी सासऱ्यांनी माडाच्या पातींच्या भिंगऱ्या, पोपट आणि साप केले. लहानपणी गुरं राखताना केलेले, हात विसरले नव्हते. फक्त टाचायला हीर, म्हणजे पातीची ताठ काडी, वापरायचे ते माझ्या सांगण्यावरून दोऱ्याने बांधले. हिराचं टोक डोळ्याला लागतं.

आता गोष्ट सांगायची कशी? माझं ऑफिस कुडाळला, आणि पिंगुळी तिथून अगदी शेजारी. इतकी वर्षं त्या गावावरून गाडीने जाते, पण तिथली चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायची कला, शाळेच्या सहलीत पाहिली तेवढीच. एका शनिवारी बायला कडेवर घेऊन तिथलं ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय पाहायला गेलो. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा इथला प्रत्येक जण “आमच्या बाजूचे” म्हणून सांगत होता. प्रत्यक्ष जाऊन आलेले त्यातले किती, देव जाणे. मी स्वतः त्यातलीच. तिथे कळसूत्री बाहुल्या आहेत, चामड्याच्या छायाबाहुल्या आहेत. पण मी अडकले ते पोथीपाशी. शिवलेलं पुस्तक नाहीच ते. सुट्या चित्रांचा संच. रामायण-महाभारतातल्या एका आख्यानाची चित्रं, त्यांना पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो, वीणा, टाळ आणि हुडूक हे छोटं चर्मवाद्य यांच्या साथीवर कथा पुढे नेतो, की ते चित्र मागे आणि पुढचं समोर. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, त्यामुळे कागद ताठ राहतो. शंभर माणसांना एकाच वेळी दिसेल असं गोष्टीचं पुस्तक हवं असेल तर ते आमच्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर पिढ्यान्पिढ्या होतंच की. मी मात्र गुलाबी किल्ले शोधत बसले होते.

त्यांच्या चित्रांची नक्कल आम्ही केली नाही. ती त्यांची विद्या, आणि माझी चित्रकला इयत्ता सातवीत थांबलेली. घेतली ती फक्त रीत. कार्डशीटवर आठ चित्रं: काऊ, चिऊ, दोन घरं, पाऊस, वाहून गेलेलं शेण, बंद दार, तीट लावणारी चिऊ, उघडं दार. भाच्याने काऊ काढला तो जरा बदकासारखा झाला, पण काळा रंग दिल्यावर निभावलं. चिकटवायला मैद्याची खळ शिजवली. पुस्तकं बांधणारे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. आम्ही घातलं नाही, कारण आमच्या घरची कीड एक वर्षाची होती आणि तिने ते चित्र चाटलंच असतं.

खुद्द बायसाठी सासूबाईंनी वेगळंच पुस्तक शिवलं. जुन्या लुगड्याची सहा पानं, आत जुन्या चादरीचा थर. शेवटच्या पानावर चिऊचं घर आणि त्याला कापडाचं दार, नाडी ओढली की उघडणारं. आधी बटण लावलं होतं, ते मी काढायला लावलं. “तुज्या डॉक्टराक सांग, आमी बटणां खावनच मोठी झालंव,” असं पुटपुटत त्यांनी ते उसवलं. वाढदिवसाच्या सगळ्या खटाटोपातली आजही रोज वापरात असलेली वस्तू ही एकच.

आमंत्रणात मी एक आगाऊपणा केला. लिहिलं, “आहेर नको, हवं तर एक गोष्टीचं पुस्तक आणा.” शहरात हे खपतं. गावात लोक गोंधळले. वाढदिवसाला हात हलवत कसं जायचं, आणि पुस्तक आणायचं कुठून? शेवटी आली 11 पुस्तकं. त्यांतली तीन एकसारखी. शिवाय सात फ्रॉक, चांदीचे वाळे आणि 101 रुपयांची पाकिटं, ती तर येणारच. शेजारच्या काकूंनी मुलाचं नववीचं भूगोलाचं पुस्तक छान कव्हर घालून आणलं. मला हसू आवरेना, आणि काकूंचा चेहरा इतका सरळ, की हसायची सोय नाही. बायला सगळ्यात जास्त आवडलं ते तेच. पानं पातळ.

बॅनरची गोष्ट थोडक्यात. ‘गोष्टीच्या घरी या’ एवढे तीन शब्द छापायचे होते. मी मजकूर फोनवरून पाठवला, छपाईवाल्याच्या संगणकात जुने फॉन्ट, त्यामुळे ‘ष्टी’ फुटून तिच्या जागी एक चौकोन आणि एकटी वेलांटी. 640 रुपये गेले. बॅनर उलटा करून लाकडांवर घातला. पुढे पावसात तोच कामाला आला. मराठी मजकूर छापायला देताना तो चित्र करून द्या, किंवा समोर बसून बघा. “कळवलंय” म्हणून विसंबू नका.

मुलांना परत द्यायच्या भेटीवर मात्र मी खूश आहे. ए-फोर कागद आडवा-उभा दुमडला की आठ चौकोन पडतात. मधल्या घडीवर एकच काप दिला की त्याचं आठ पानांचं छोटं पुस्तक उभं राहतं, ना टाचणी ना डिंक. आमचीच आठ चित्रं रेषांमध्ये काढून 60 झेरॉक्स मारल्या, रंगवायला सोबत दोन-दोन खडू. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या गोष्टी खुल्या परवान्याच्या असतात, लेखक-चित्रकारांचं नाव देऊन त्या छापता येतात. जास्त वेळ असता तर त्यांतल्याही काही मराठी गोष्टी छापल्या असत्या. सावंतवाडीहून लाकडी चिमण्या आणाव्यात असंही मनात होतं. चितारआळीत गेले, हातात घेऊन पाहिल्या, सुरेख होत्या. पण रंग चाटण्याजोगा आहे का याचं उत्तर दोन ठिकाणी “तसा काय नाय होवचा” असं मिळालं, म्हणून दोनच घेतल्या आणि फडताळात वरच्या कप्प्यात ठेवल्या.

आणि मग पाऊस.

सासूबाई 15 मेपासून सांगत होत्या. “खळ्यात माटव घालू नको. हुमले बघ कसे अंडी घेवन वर चढतत.” मी हवामान खात्याचा अंदाज दाखवायचे, त्या हुमले, म्हणजे मुंग्या, दाखवायच्या. 20 तारखेला जो लागला तो पूर्वमोसमी म्हणावा असा नव्हताच. आषाढातल्यासारखा कोसळत होता. लाईट गेली, आली, गेली. बांबू रोवून झालेले, झावळ्या चढवायच्या बाकी. कपाटावर ठेवलेली पोथी दमटपणाने पापडासारखी वाकली. पाठीला पाठ लावलेली होती म्हणून निदान गुंडाळी झाली नाही. ती सरळ करायला चुलीच्या वरच्या माळ्यावर पाटाखाली दाबून ठेवली. दोन दिवसांनी सपाट झाली, फक्त धुराचा वास येत होता. नणंद 23 ला सकाळी कुडाळ स्टेशनवर उतरली ती भिजूनच. तिच्या बॅगेत फुगे होते. मी काही बोलले नाही, तिनेही काढले नाहीत.

25 मे 2025, रविवार. दुपारी हवामान खात्याने जाहीर केलं की मोसमी पाऊस महाराष्ट्रात देवगडपर्यंत पोचला. देवगड आमच्या शेजारचाच तालुका. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा पाहुणा नेमका आमच्या वाढदिवसाला, बिनआमंत्रणाचा. हुमल्यांचं बरोबर निघालं, हे सासूबाईंनी त्या दिवशी आठ जणांना सांगितलं.

वेळ आम्ही सकाळी साडेदहाची ठेवली होती, ती कृपा झाली. बाय साडेबाराला झोपते आणि संध्याकाळी तिला माणसं सोसत नाहीत, एवढाच हिशोब होता. पण लाईट नसताना दिवसाउजेडी कार्य असणं म्हणजे काय, ते कोकणात राहणाऱ्यांना सांगायला नको. 60 माणसांची यादी होती, पावसातून 38 आली. खळ्यातलं सगळं पडवीत आणि माजघरात मावलं. मांगरात वडे तळणं चालू, वर पन्हाळीचा धो धो आवाज. काळ्या वाटाण्याची उसळ, कोंबडी, सोलकढी; गोडाला शिरवाळे आणि नारळाचा रस. बायसाठी वेगळा मऊभात. केक म्हणून बरक्या फणसाचं सांदण दोन परातींत उकडून, चौकोनी कापून उघड्या पुस्तकासारखं मांडलं होतं. त्यावर मी रातांब्याच्या रसाने 1 काढला. तो पसरून ढगासारखा झाला. कोणी विचारलं तर पाऊस आहे म्हणून सांगितलं.

सुरुवात सासऱ्यांनी देवाला घालायच्या गाऱ्हाण्याने केली. हे ठरलेलं नव्हतं. ते उभे राहिले, पंचा सावरला आणि अगदी देवळातल्या आवाजात, “बा देवा म्हाराजा! आज ह्या चेडवाक येक वरीस पुरा झाला, तेच्या निमतान ही चार माणसा पावसातसून इली हत, तेंका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!” सगळ्यांचं “व्हय म्हाराजा!” “ह्या चेडवान जी काय पुस्तका खाल्ल्यान, ती तेका पचव रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” पोरं तर आडवी झाली हसून. बाय दचकली, ओठ काढला, आणि तिसऱ्या “व्हय”ला स्वतःच हात वर केला.

मग पोथी. नणंद चित्रं धरायला, भाचा टाळ घेऊन, सासरे सांगायला. मोबाईलवर पावसाचा आवाज लावायचा असं माझ्या यादीत होतं. त्याची गरज उरली नव्हती. उलट पाऊस जरा थांब रे म्हणायची वेळ. “आणि मग इलो मोठो पाऊस,” असं ते म्हणाले तेव्हा खरोखरच सर वाढली, आणि मागे बसलेला एक चार वर्षांचा मुलगा घाबरून आईला म्हणाला, “काऊचा घर जातला आता.” मोठी माणसंसुद्धा वडे हातात घेऊन दारात उभी. “चिऊताई चिऊताई, दार उघड,” हे पाच-सहा पोरं एका सुरात ओरडत होती.

बायने दार उघडलं नाही. तिच्यापुढे कापडी पुस्तक ठेवलं होतं, नाडी तिच्या हातात दिली होती, तीन फोन रोखलेले. तिने नाडी तोंडात घातली आणि नववीच्या भूगोलाकडे रांगत गेली. महिनाभर मी ज्या एका क्षणासाठी कात्री आणि खळ चालवली तो क्षण असा गेला. वाईट वाटलं का? पाच मिनिटं वाटलं. नंतर वडे संपत आल्याची हाक आली.

दार तिने रात्री उघडलं, पाहुणे गेल्यावर, मेणबत्तीच्या उजेडात, कोणी “उघड” न म्हणता. उघडलं, मिटलं, उघडलं. फोटो नाही. फोनची बॅटरी संपली होती.

एकूण खर्च जेवणासकट 14,200 रुपये झाला, त्यात निम्म्याहून जास्त कोंबडी आणि तेल. पोथी अजून माळ्यावर आहे. गणपतीत पोरांनी ती काढून दोनदा गोष्ट केली आणि काऊचं घर हरवून ठेवलं. दिवाळीत 2026 चं कॅलेंडर घरात आलं तेव्हा सासूबाईंनी सगळ्यात आधी वैशाख शोधला. द्वितीया 3 मेला आहे, आणि तो रविवार आहे. पाऊस नाही, चाकरमानी आलेले, तिथी आणि सुट्टी एकाच दिवशी. त्यांनी पेन्सिलीने त्या चौकोनाला गोल केलाय आणि मला विचारून ठेवलंय, “ह्या वर्सा खयची गोष्ट?”